मामूंनी अर्धीच हदीस सांगितली

पत्र

आपा, अस्सलामु अलैकुम.

मी ३३ वर्षांचा. भवानी पेठेत दोन खोल्यांत अम्मीबरोबर राहतो. फ्रिज-एसी दुरुस्तीचा धंदा आहे, टेम्पोचे हप्ते चालू आहेत. अब्बा सात वर्षांपूर्वी गेले, बहिणीचं लग्न झालं, आता सगळे माझ्या मागे लागलेत. कोंढव्यातल्या एका शाळेच्या वॉटर कूलरचं काम माझ्याकडे असतं. तिथे एक शिक्षिका आहेत, वय ३०, मूळच्या रत्नागिरीकडच्या, कोकणी मुसलमान. नवऱ्याकडून खुला (बाईने मागून घेतलेला तलाक) घेऊन दोन वर्षं झाली. सहा वर्षांची मुलगी आहे, माहेरी भावाकडे राहतात. मला त्या आवडल्या. त्यांच्याशी कामाबाहेरचं कधी बोललो नाही, सरळ त्यांच्या भावाला भेटलो. तो म्हणाला, आधी घरच्यांना घेऊन या.

घरी विषय काढला तर अम्मी दोन दिवस जेवली नाही. म्हणते, "दूसरे की बच्ची का बोझ तू कायकू उठाता? मेरे कू मेरे पोतरे देखने हैं." मोठे मामू पाच वक्त नमाजी. ते म्हणाले, कुंवाऱ्या मुलीशी निकाह करावा असं हदीसमध्ये (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींत) आहे, आणि निकाह म्हणजे आधा ईमान, तो असा वाया घालवू नकोस. भावजी म्हणाले, "तुला दया आलीय, बाकी काही नाही." हे मनाला लागलं, कारण कधी कधी मलाही तसं वाटतं. आपा, इस्लाममध्ये निकाह नक्की कशासाठी सांगितलाय? मुलांसाठी, आई-बापांसाठी, की गुनाह टाळायला? आणि माझा हा निकाह त्यात बसतो का?

— भवानी पेठेतला एक वाचक

उत्तर

वालेकुम अस्सलाम.

बसतो. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

मामूंनी सांगितलेली हदीस खरी आहे. बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत ती आहे. पण त्यांनी ती अर्धीच सांगितली. हजरत जाबिर बिन अब्दुल्ला हे मदिनेतले तरुण सहाबी, म्हणजे पैगंबर साहेबांचे साथीदार. त्यांचे वडील उहुदच्या लढाईत शहीद झाले आणि मागे जाबिर यांच्या लहान लहान बहिणी राहिल्या. पुढे जाबिर यांनी आधी लग्न झालेल्या एका बाईशी निकाह केला. पैगंबर साहेबांनी (स.) त्यांना विचारलं, "कुमारिकेशी का नाही केलास? दोघं हसला-खेळला असता." मामूंची हदीस इथे संपते. जाबिर यांनी उत्तर दिलं की वडील गेले, घरात लहान बहिणी आहेत, त्यांच्यात त्यांच्याच वयाची आणखी एक पोर आणून सोडावी असं मला वाटलं नाही. त्यांची वेणीफणी करील, त्यांचं सगळं बघेल अशी बाई मला हवी होती. हे ऐकून पैगंबर साहेब म्हणाले, बरं केलंस, आणि त्यांनी बरकतीची दुआ दिली.

मला ही हदीस फार आवडते, आणि तिच्या दोन्ही बाजूंसाठी आवडते. पैगंबर साहेबांना एका तरुणाच्या संसारात हसणं-खेळणं असावं असं वाटलं, ते त्यांनी मोकळेपणाने विचारलं. आणि त्या तरुणाने आपल्या घराची गरज सांगितल्यावर त्याचं म्हणणं त्यांनी मानलं. कुणी कुणाशी लग्न करावं याचा एकच साचा असता, तर जाबिर यांना दुआ मिळाली नसती. खुद्द पैगंबर साहेबांचा पहिला निकाह हजरत खदीजांशी झाला. त्या विधवा होत्या, स्वतःचा व्यापार सांभाळत होत्या, आणि लग्नाचा निरोप त्यांच्याकडून आला होता. त्या हयात असेपर्यंत पैगंबर साहेबांनी दुसरा निकाह केला नाही. नंतरच्या बीबींमध्येही एक हजरत आयेशा सोडल्या, तर सगळ्या आधी लग्न झालेल्या होत्या. मामूंशी यावरून वाद घालू नकोस. चार माणसांत तर मुळीच नको. पाच वक्त नमाज पढणाऱ्या माणसाला पूर्ण हदीस स्वतः वाचू दे, ते मानतील.

आता तुझा मोठा प्रश्न, निकाह कशासाठी. कुरआनच्या सूरह रूममध्ये (३०:२१) अल्लाह आपल्या निशाण्या सांगतो. आकाश-पृथ्वीची निर्मिती, माणसांच्या वेगवेगळ्या भाषा आणि रंग, रात्रीची झोप, वीज, पाऊस. त्याच यादीत नवरा-बायको येतात. तुमच्यातूनच तुमचे जोडीदार निर्माण केले, त्यांच्याजवळ तुम्हाला शांती लाभावी म्हणून, आणि तुमच्यामध्ये प्रेम आणि करुणा ठेवली. मुलं, घराणं, वारस यांचा या आयतीत (कुरआनच्या वचनात) उल्लेखसुद्धा नाही. दिवसभर बाहेर वणवण करून आलेल्या माणसाचा जीव जिथे ठिकाणावर येतो, ते माणूस. पहिला हेतू हा. सूरह बकरामध्ये (२:१८७) नवरा-बायकोला एकमेकांची वस्त्रं म्हटलंय. एकमेकांचं उणं झाकणं आणि ऊब देणं, दोन्ही त्यात आलं.

गुनाह टाळण्याबद्दल तू जरा खाली मान घालून विचारलंयस असं वाटलं. खाली मान घालायचं काही कारण नाही. ज्याची ऐपत आहे त्या तरुणाने लग्न करावं, त्याने नजर खाली राहते आणि अब्रू राखली जाते, ज्याला जमत नसेल त्याने रोजे ठेवावेत, असं पैगंबर साहेबांनी तरुणांना उघड सांगितलंय. शरीराची गरज इस्लामने कधी घाण मानली नाही. तीन माणसांचा किस्सा तुला माहीत असेल. एक म्हणाला मी रात्रभर नमाज पढीन, दुसरा म्हणाला रोज रोजा ठेवीन, तिसरा म्हणाला मी लग्नच करणार नाही. पैगंबर साहेबांनी तिघांनाही थांबवलं. मी नमाज पढतो आणि झोपतोही, रोजा ठेवतो आणि सोडतोही, आणि मी निकाह करतो, असं म्हणाले. तेहतिसाव्या वर्षी एखादी बाई आवडली आणि तू तिच्या मागे मागे न फिरता, मोबाईलवर मेसेज न पाठवता सरळ तिच्या भावापुढे जाऊन उभा राहिलास. पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त समाधान याचं वाटलं.

मुलं हाही हेतू आहेच. अम्मीला नातवंडं हवीत यात तिचं काही चुकत नाही. तो विषय त्या बाईंशी बोलायला हवा, त्यावर खाली येते.

आणि आधा ईमान. निकाह करणाऱ्याने अर्धा दीन (धर्म) पुरा केला, ही रिवायत आपल्याकडे प्रत्येक वलीम्याला, म्हणजे निकाहच्या जेवणाला, ऐकू येते. तिच्या सनदीबद्दल, म्हणजे ती कुणाकुणाकडून आली त्या साखळीबद्दल, मुहद्दिसांत (हदीसच्या जाणकारांत) मतभेद आहेत, पण आशय उलमांनी मानलेला आहे. तिचं दुसरं वाक्य मात्र क्वचितच कुणी म्हणतं, की उरलेल्या अर्ध्यात त्याने अल्लाहचं भय बाळगावं. लग्न झालं म्हणजे सुटलो, असा तिचा अर्थ नाही. इमाम गझालींनी लग्नाचे फायदे मोजताना संतती, वासनेवर ताबा, घराची व्यवस्था आणि जिवाला विसावा यांच्या जोडीला एक वेगळाच फायदा मांडलाय. बायको-मुलांचे हक्क पुरे करताना, त्यांचे स्वभाव सोसताना, त्यांच्यासाठी हलाल कमाई करताना माणसाच्या नफ्सला (मनाच्या ओढीला) वळण लागतं, असं ते म्हणतात. लगेच पुढे त्यांनी लग्नाचे धोकेही सांगितले. हलाल कमाई जमणार नाही, बायकोचे हक्क पुरे होणार नाहीत, संसारात अल्लाहचा विसर पडेल. हनफी पंथाच्या फुकहांनीही (धर्मकायद्याच्या पंडितांनीही) तोच विचार कायद्याच्या भाषेत मांडला. साधारण माणसाला निकाह सुन्नत (पैगंबर साहेबांची रीत), ज्याचा पाय घसरायची भीती आहे त्याला तो वाजिब (बंधनकारक), आणि ज्याला आपण बायकोवर अन्यायच करणार याची खात्री आहे त्याला तोच निकाह मना. म्हणजे मामू जे म्हणाले, की आधा ईमान वाया घालवू नकोस, त्याचं उत्तर वधूच्या कुमारिका असण्या-नसण्यात सापडणार नाही. तू तिच्याशी कसा वागणार आहेस, त्यात आहे.

म्हणून भावजींचं ते दयेचं बोलणं मी मामूंच्या हदीसपेक्षा जास्त मनावर घेतलं.

नुसत्या दयेपोटी केलेल्या लग्नात एक जण कायमचा देणारा होतो आणि दुसरा कायमचा ऋणी. भांडण झालं की तोंडातून निघून जातं, "तुझ्या पोरीसकट तुला घेतली." असं एकदा बोलून गेलास की ते त्या घरातून परत बाहेर जात नाही. मी मध्यस्थीला बसलेल्या घरांत हे पाहिलंय, आणि बोलणारी माणसं वाईट नव्हती, चांगल्या मनाने लग्न केलेलीच होती. तेव्हा स्वतःला विचार. या बाईंना मूल नसतं, त्या कुंवाऱ्या असत्या, तरी तुला त्या आवडल्या असत्या का? त्यांच्यातलं नेमकं काय आवडलं, हे तुला सांगता येतं का? पत्रात तू त्यांचं वय, गाव, खुला आणि मुलगी एवढंच लिहिलंयस. त्यांचं बोलणं, वागणं, मुलांना शिकवण्याची रीत, काहीच नाही. कदाचित मला लिहायला संकोच वाटला असेल. संकोच असेल तर ठीक. पण खरोखर सांगण्यासारखं काही नसेल, तर थांब.

करुणा मात्र वेगळी. ती आयतीतच आहे आणि दोन्ही बाजूंनी वाहणारी आहे. उद्या तुझा धंदा बसला, कंबर धरली, तर त्याही तुझ्यावर करुणा करतील.

हजरत उम्मे सलमांची हकीकत तुझ्यासाठीच सांगते. पती अबू सलमा उहुदच्या जखमेने गेले. पदरात मुलं. पैगंबर साहेबांचा निरोप आला तेव्हा त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, आपल्या अडचणी सांगितल्या. माझं वय झालंय, माझा स्वभाव फार मत्सरी आहे, आणि मला मुलं आहेत. निरोपाचं उत्तर आलं की वय तर माझंही झालंय, मत्सर अल्लाह दूर करील, आणि तुमची मुलं ती माझी मुलं. त्या मुलांपैकी उमर बिन अबी सलमा मोठेपणी सांगत, मी लहान होतो, पैगंबर साहेबांच्या घरी वाढत होतो, जेवताना माझा हात ताटभर फिरायचा. तेव्हा ते मला म्हणाले, बाळ, बिस्मिल्ला म्हण, उजव्या हाताने खा आणि आपल्या समोरचं खा. आज जगभरातल्या मुसलमान घरांत लेकरांना जेवणाची जी रीत शिकवतात, ती सावत्र बापाच्या पंगतीला बसलेल्या एका मुलाला सांगितलेली आहे. अम्मी "दूसरे की बच्ची" म्हणेल तेव्हा तिला हे सांग. रागाने नको, जेवताना सांग.

आता खरं घोडं कुठे पेंड खातंय ते बघू. तुझ्या पत्रात अम्मी काय म्हणाली ते आहे, मामू, भावजी, त्या बाईंचा भाऊ, सगळ्यांचं म्हणणं आहे. त्या बाई काय म्हणतात, याची एक ओळ नाही! त्यांना लग्न करायचंय का? तुझ्याशी करायचंय का? तुला माहीतच नाही. इस्लाममध्ये निकाह हा ईजाब (मागणी) आणि कबूल (होकार) यांनी उभा राहतो, आणि पैगंबर साहेबांनी स्पष्ट केलंय की कुमारिकेची चुप्पी संमती धरता येईल, पण आधी लग्न झालेल्या बाईला विचारल्याशिवाय, तिने सांगितल्याशिवाय तिचा निकाह लावता येत नाही. खन्सा बिन्त खिदाम यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या मनाविरुद्ध लावला होता. त्या पैगंबर साहेबांकडे तक्रार घेऊन गेल्या, आणि तो निकाह रद्द झाला. बरीरा नावाच्या बाईंना गुलामगिरीतून मुक्त झाल्यावर नवऱ्याकडे राहायचं नव्हतं. नवरा मुगीस मदिनेच्या गल्ल्यांतून त्यांच्यामागे रडत फिरायचा, दाढी आसवांनी भिजलेली. पैगंबर साहेबांना त्याची दया आली. त्यांनी बरीरांना म्हटलं, परत जाशील का? बरीरांनी विचारलं, हा हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त रदबदली करतोय. बरीरा म्हणाल्या, मग मला तो नको. आणि गोष्ट तिथेच मिटली. खुद्द पैगंबर साहेबांच्या रदबदलीला एका बाईने नाही म्हटलं आणि ते मान्य झालं. त्यापुढे तुझी-माझी, मामूंची काय कथा.

तेव्हा पहिलं काम हे कर. भावाला सांग की अम्मीची समजूत काढतोय, पण त्याआधी तुमच्या बहिणीचं मत विचारा, आणि त्यांची तयारी असेल तर तुमच्या घरी, तुमच्यासमोर आम्हाला बोलू द्या. निकाहच्या आधी एकमेकांना बघणं-बोलणं सुन्नतमध्ये आहे, त्याने जिव्हाळा टिकतो असं सांगितलंय. त्या भेटीत बहिणीच्या लग्नातल्या गप्पा मारत बसू नकोस. टेम्पोचा हप्ता किती, महिन्याला हातात किती उरतं, घर दोन खोल्यांचं, अम्मी बरोबर राहणार, हे सगळं सांग. फातिमा बिन्त कैस नावाच्या घटस्फोटित बाईंनी पैगंबर साहेबांना विचारलं होतं की मला दोघांची मागणी आलीय. त्यांनी एकाबद्दल सांगितलं की त्याच्याकडे पैसा नाही, आणि दुसऱ्याबद्दल सांगितलं की त्याची काठी खांद्यावरून उतरत नाही, म्हणजे तो मारकुटा आहे. रिश्ता ठरवताना झाकपाक चालत नाही. मुलांचा विषयही तिथेच काढ, आणखी मूल हवंय का, केव्हा, त्यांची नोकरी चालू राहणार ना. आणि त्यांना खुला का घेतला हे खोदून विचारू नकोस. सांगायचं तेवढं त्या सांगतील. खुला घेणं हा बाईवरचा डाग नाही, तो तिला दिलेला हक्क आहे. साबित बिन कैस यांच्या पत्नीने नवऱ्याच्या स्वभावात किंवा दीनमध्ये दोष न काढता, फक्त मन लागत नाही म्हणून निकाहला नवऱ्याने मेहर म्हणून दिलेली बाग परत केली होती आणि सुटका मिळवली होती. आपल्या समाजात मात्र घर सोडून आलेल्या बाईकडे अजून वाकड्या नजरेने बघतात. १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाई सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले, १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. दलवाईंची सगळी मतं मला पटत नाहीत, पण अशा बायकांचं म्हणणं ऐकून घ्या, हे त्यांना ओरडून सांगावं लागलं याची मला आजही लाज वाटते.

मुलीबद्दल आता नीट वाच, कारण इथे नुसती भलाई पुरत नाही, कागद लागतात.

हनफी फिकहप्रमाणे (धर्मकायद्याप्रमाणे) मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते, पण आईने मुलीशी नातं नसलेल्या पुरुषाशी लग्न केलं तर तिचा तो हक्क कमी होतो, आणि मुलीचा बाप ताबा मागू शकतो. भारतातली न्यायालयं १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली मुलाचं हित आधी बघतात, नुसत्या पुनर्विवाहामुळे आईकडून मूल काढून घेतलं जातंच असं नाही. तरीही त्या बाईंच्या मनात ही भीती असणार, आणि कदाचित त्यामुळेच त्या गप्प असतील. खुलाच्या वेळी मुलीबद्दल काय लिहून घेतलंय ते बघायला सांग. खुला कोर्टातून झालाय की फक्त स्टँपपेपरवर, तेही. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाला दोघांनी मिळून, भावाला बरोबर घेऊन, निकाहच्या आधी भेटा. नंतर नाही.

मुलीच्या नावापुढे तिच्या बापाचंच नाव राहील. कुरआनने (३३:५) मुलांना त्यांच्या बापांच्या नावाने हाक मारायला सांगितलंय. तिचा खर्च देण्याची तिच्या बापाची जबाबदारी तुझ्या निकाहने संपत नाही. तुमचा संसार सुरू झाला की ती तुझी महरम होईल (४:२३), म्हणजे तू तिला कायमचा बापाच्या जागी. वारसाहक्काने मात्र तिला तुझ्याकडून काही मिळत नाही. तिच्यासाठी काही ठेवायचं असेल तर मालमत्तेच्या एक तृतीयांशाच्या आत वसीयत (मृत्युपत्र) करता येते, ती लिहून ठेव. आणि पहिल्या दिवसापासून तिच्याकडून "अब्बा" म्हणून घ्यायचा हट्ट धरू नकोस. तिला एक अब्बा आहेत, ते कसेही असोत. ती तुला काय म्हणायचं ते सावकाश ठरवील. तिच्यासमोर तिच्या बापाबद्दल वाईट बोलायचं नाही, हे तुलाही लागू आणि अम्मीलाही.

मेहर. आपल्याकडे जुन्या रकमा लिहायच्या, त्याही उधार, आणि मरताना माफ करून घ्यायच्या, अशी एक वाईट चाल आहे. ती पाळू नकोस. कुरआनने (४:४) मेहर खुशीने द्यायला सांगितलंय. ऐपतीप्रमाणे ठरव, पण निकाहच्या वेळी हातात दे. एका गरीब सहाबींना लोखंडाची अंगठी तरी शोधून आण असं सांगितलं होतं, तीही मिळाली नाही तेव्हा येत असलेलं कुरआन बायकोला शिकवणं यावर निकाह झाला. रक्कम लहान असण्यात लाज नाही, बुडवण्यात आहे. त्यांचं दुसरं लग्न म्हणून चार माणसांत गुपचूप उरकून टाकू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. तुझं पहिलं लग्न आहे, वलीमा रीतसर कर. अब्दुर्रहमान बिन औफ यांना एक बकरी का होईना, वलीमा कर असं सांगितलं होतं. टेम्पोच्या हप्त्यावर आणखी कर्ज काढून कोंढव्यात हॉल घ्यावा असं मात्र कुणी सांगितलेलं नाही. निकाहनाम्यात शर्ती घालता येतात. त्यांची नोकरी चालू राहील, मुलगी त्यांच्याजवळ राहील, हे लिहून दे, त्यांनी मागायची वाट बघू नकोस. त्या कोकणी आहेत, म्हणजे बहुतेक शाफई पंथाच्या असतील. त्यांच्याकडे निकाहला वली (वधूच्या बाजूचा पालक) लागतो, बहिणीच्या वतीने भाऊ बसतो. तुमच्याकडे हनफी रीत. काझींना आधी कल्पना दे, म्हणजे ऐन वेळी घोळ होणार नाही. यात अडचण काहीच नाही. "वो लोगां कोकणी हैं" असं घरात कुणी म्हणालं, तर कलमा एकच आहे एवढं सांगून विषय बंद कर.

आणि अम्मी. तिच्याबद्दल मला राग नाही, तुलाही नसावा. सात वर्षं ती तुझ्या आधाराने राहतेय. दोन खोल्यांत एक परकी बाई आणि एक पोर आली की आपली जागा कुठे, ही तिची भीती आहे, आणि ती "पोतरे" या नावाने बाहेर येतेय. तू तिच्यापुढे हदीस वाचायला बसलास तर ती आणखी घट्ट होईल. बहिणीला पाठव, आधी बहिणीला त्या बाईंना भेटू दे. मुली मुलींचं बघतात, आणि अम्मी जावयापेक्षा लेकीचं ऐकेल. अम्मीला विचार की अब्बा गेले तेव्हा तुझं वय कमी असतं, मी सहा वर्षांचा असतो, तर माझ्यासाठी तू कसा माणूस मागितला असतास? उत्तराची घाई करू नकोस. जागेचं मात्र ठोस ठरव. बायकोला स्वतःची, आतून कडी लावता येईल अशी एक खोली, हा हनफी फिकहमध्ये तिचा हक्क आहे. दोन खोल्यांत तो कसा द्यायचा, अम्मी आणि मुलगी कुठे झोपणार, पोटमाळा काढायचा की कोंढव्याकडे भाड्याने जागा बघायची, हे तू आकडे मांडून अम्मीसमोर ठेवलंस, तर तिला कळेल की तिची जागा तू पुसलेली नाहीस.

शरियतप्रमाणे सज्ञान पुरुषाच्या निकाहला आईची परवानगी लागत नाही. हे तुला माहीत असावं म्हणून सांगते, तिच्यावर वापरायला नाही. पण याची दुसरी बाजूही बघ. अम्मीची समजूत पटेपर्यंत म्हणून त्या बाईंना वर्षभर टांगून ठेवायचं, हेही चालणार नाही. त्या आधीच एकदा पोळल्या आहेत, भावाच्या घरात राहताहेत, त्या घरातही बोलणारी माणसं असतील. त्यांचं उत्तर हो असेल, तर भावाला एक मुदत सांग, दोन महिने, तीन महिने, आणि ती पाळ. मुदतीत अम्मी तयार झाली नाही, तर पुढे जायचं की थांबायचं, हे तू ठरवून तूच त्यांना सांगायचं, मामूंच्या तोंडून निरोप पाठवायचा नाही.

इस्तिखाराची, म्हणजे अल्लाहकडे योग्य वाट मागायची, नमाज पढ. दोन रकात आणि दुआ, एवढंच. स्वप्न पडायची वाट बघत बसू नकोस, तशी काही अट नाही. पढ आणि भावाला फोन कर. त्या बाईंचं उत्तर नाही असं आलं, तर शाळेच्या वॉटर कूलरचं काम पुढच्या महिन्यापासून धंद्यातल्या दुसऱ्या कुणाकडे दे, म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही.